उशाखालचं पातं

१

कौतिक आबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्रेचाळीस चाकू होते आणि त्यातला एकही शोभेचा नव्हता. हे आबा स्वतःच सांगत, आणि ऐकणारा जांभया द्यायला लागेपर्यंत सांगत. एसटीत पंचवीस वर्षं ड्रायव्हरकी झाली. जळगाव-धुळे, जळगाव-चाळीसगाव, कधी बऱ्हाणपूर, कधी सुरत. मुक्कामाच्या गावी बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटत बसत, तेव्हा हा माणूस बाजारात चाकूंच्या मुठी दाबून बघत फिरे. बऱ्हाणपूरची हाडाच्या मुठीची सुरी, टायर बदलायला हात दिला म्हणून एका पंजाबी ट्रकवाल्याने दिलेला आखूड सुरा, सुरतेच्या फुटपाथवरचा बारीक पात्याचा घडीचा चाकू. प्रत्येकाची एक हकिगत, आणि ती सगळ्या असोदा गावाला पाठ.

सगळ्यांत लाडका होता धुळ्याच्या पुना नावाच्या कारागिराने बनवलेला खटक्याचा चाकू. पितळी मूठ, वीतभर पातं. उघडला की खट् करून बसायचा. मग मिटायचा तर पाठीवरची पोलादी पट्टी अंगठ्याने जोर लावून दाबून धरावी लागे. लीलाधर म्हणजे आबांचे जावई, धरणगावच्या जिनिंगमध्ये कामाला. दिवाळीला आले तेव्हा त्यांना तो चाकू काही केल्या मिटेना. आबांनी त्यावरून त्यांची इतकी चेष्टा केली, की लीलाधरराव पुढच्या दिवाळीला ट्रंकेकडे फिरकलेसुद्धा नाहीत.

दर रविवारी सकाळी ओसरीवर पोतं अंथरायचं, चाकू ओळीने मांडायचे, चिंधीने पुसायचे, शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडायचा. कुणाला आंबे कापायचे असत, कुणाला केळीची वाळकी पानं साफ करायची असत. गाव मागून नेई आणि आबा देत. वापरला नाही तर चाकू गंजतो, असं त्यांचं म्हणणं. देताना मात्र एक रीत. चाकू हातातून हातात द्यायचा नाही, भांडण होतं म्हणतात. घेणाऱ्याने जमिनीवर दोनदा थाप मारून जागा दाखवायची, देणाऱ्याने तिथे ठेवायचा, मग घेणाऱ्याने उचलायचा. आबांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण हात असा सरावला होता, की धावत्या गाडीत कंडक्टरने काकडी कापायला चाकू मागितला आणि बॉनेटवर थाप मारली, की आबा रस्त्यावरची नजर न काढता तिथे चाकू ठेवत.

"ती टरंक म्हंजे माही सवत हाये," धुरपदाबाई, त्यांची बायको, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

"सवत तुह्यासारखी कटकट तं नाई करत," आबा म्हणत, आणि दोघंही हसत. असं चाललं होतं. सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यापर्यंत घरात दुःख होतं, पण ते ओळखीचं होतं.

२

ते दुःख लताचं होतं. लता त्यांची एकुलती एक लेक. पहिलं बाळंतपण सासरी झालं आणि मूल आठव्या दिवशी धनुर्वाताने गेलं. गंजक्या विळ्याने नाळ कापली होती. आबा तेव्हापासून गंज म्हटला की चवताळत. दुसऱ्या खेपेला त्यांनी लेकीला सातव्या महिन्यातच माहेरी आणलं, जळगावला दवाखान्यात बाळंतपण केलं, आणि चौथ्या दिवशी मायलेकांना टॅक्सी करून असोद्याला घरी आणलं. मुलगा होता. पहिलं मूल गेलेल्या घरात दुसऱ्याला साजरं नाव ठेवत नाहीत, कुणाची नजर जाऊ नये म्हणून उकिरड्यावरचं नाव देतात. तसं धुरपदाबाईंनी त्याला उखर्डू म्हणायला सुरुवात केली.

मधली खोली बाळंतिणीला दिली. खिडकीला गोधडी ठोकली होती, कारण बाहेर पंचेचाळीस डिग्रीची लू वाहत होती. सारवलेली जमीन, ओव्या-शेपांच्या धुराचा वास, लतासाठी बाज आणि बाजेशेजारी खाली अंथरुणावर बाळ, डोक्याखाली मोहरीची उशी. पाचवीची पूजा झाल्यावर, लोखंड असलं की बाहेरचं काही बाळाजवळ फिरकत नाही म्हणून, धुरपदाबाईंनी त्या उशीखाली घरातला विळा ठेवला.

"सव्वा महिना हालवाचा नाई," त्यांनी सगळ्यांना बजावलं.

सहाव्या दिवशी दुपारी आबा नातवाला बघायला आत गेले. असोदा दुपारी बारा ते चार मेल्यासारखं पडतं. दारं बंद, गुरं सावलीत, रस्त्यावर कुत्रंही नाही. लता बाजेवर गाढ झोपलेली. धुरपदाबाई ओसरीवर पदर तोंडावर घेऊन आडव्या झालेल्या. आबांनी उशीचा कोपरा उचलला. विळ्याचं पातं गंजाने तांबडं झालं होतं, आणि बाळाचा कान तिथून चार बोटांवर होता.

त्यांनी विळा काढला. लोखंड ठेवायचं तर घरात त्रेचाळीस स्वच्छ पाती आहेत, त्यातलं एक ठेवू, एवढाच विचार. एक मिनिटाचं काम. पण ट्रंक उघडली आणि आबा ते आबाच. बऱ्हाणपूरची सुरी लांब पडेल. पंजाब्याचा सुरा जड. मग पुनाचा चाकू हातात घेतला तर त्याचा सांधा कोरडा वाटला, म्हणून तेल काढलं, पातं पुसलं, मनगटावरचे केस तासून धार बघितली, पुन्हा पुसलं. मधल्या खोलीतून थप थप असा मऊ आवाज येत होता. लता बाळाला थोपटत असेल, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. मान वर केली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास उलटून गेला होता.

ते आत आले. लता मघाशी होती तशीच उताणी, दोन्ही हात छातीवर, तोंड किंचित उघडं, घोरत होती. बाळ जागं होतं. सहा दिवसांचं पोर छताकडे किंवा उजेडाकडे बघतं, कशाकडेच बघत नाही म्हटलं तरी चालेल. हे मात्र अंथरुणाच्या उजव्या बाजूला, कुणी मांडी घालून बसलं असतं तर तोंड आलं असतं तेवढ्या उंचीवर बघत होतं. आबांनी चाकू उघडला, खट् केलं, आणि धार भिंतीकडे करून उशीखाली ठेवून दिला.

संध्याकाळी धुरपदाबाईंना विळा ट्रंकेजवळ सापडला. त्या संतापल्या. आबांनी गंज, धनुर्वात, पहिला नातू सगळं ऐकवलं. त्यावर त्या हळूच म्हणाल्या, "इळा काहाडला तव्हा चाकू हातातच व्हता ना तुमच्या? जागा रिकामी तं नाई ना ऱ्हायली?"

"हातातच व्हता," आबा म्हणाले. उगाच वाद कशाला वाढवायचा, असं त्यांना वाटलं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर अंथरूण बदलायला उशी उचलली, तर चाकू मिटलेला होता.

आबांनी लताला विचारलं. तिने हात लावला नव्हता. धुरपदाबाई तर त्या चाकूला हातच लावत नसत, बोट तुटेल म्हणून. आबांनी स्वतःची समजूत घातली. तेल जास्त झालं, खटका सरकला असेल. त्यांनी चाकू उघडला, मूठ दगडावर पाच-सहा वेळा आपटून बघितली. खटका जागचा हलला नाही. पुन्हा उशीखाली ठेवला. दुसऱ्या दुपारी पुन्हा मिटलेला.

रात्रभर तो उघडा असे, सकाळी बाळाच्या आंघोळीच्या वेळी उघडा असे. दुपारी बारा ते चारच्या मध्ये कधीतरी मिटे. आबा ड्रायव्हर माणूस. गाडीत आवाज आला की एकेक भाग काढून बघायचा, हीच त्यांची अक्कल. त्यांनी चाकू बदलले. सुरतेचा ठेवला, तो मिटलेला. आडव्या पिनेचा एक नाशिकचा होता, पिन काढल्याशिवाय मिटत नाही. तोही मिटलेला, आणि पिन नीट जागेवर बसवलेली. कोणीतरी हे काम घाईने करत नव्हतं. घरात रांगतं पोर असलं की बाई जशा धारदार वस्तू उचलून ठेवते, तसं ते वाटायचं. 

त्यांनी धुरपदाबाईंचा विळाही चिंचेने घासून परत ठेवून बघितला. दुपारनंतर तो चुलीमागे त्याच्या नेहमीच्या जागी टेकवलेला सापडला. धुरपदाबाईंनी तो तिथे ठेवला नव्हता.

याच दिवसांत लता एकदा म्हणाली, "आबा, हा दुपारचा पेतच नाई. चार वाजता घेतलं की तोंड फिरवतो. पोट तं भरलेलं लागतं."

"उन्हाचं पोरगं मलूल होतं," आबा म्हणाले.

पण उखर्डू मलूल नव्हता. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात दूध असायचं.

४

आबा रजा टाकून धुळ्याला गेले. घरच्यांना काही बोलले नाहीत. पुना कारागीर आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत बसायचा. सत्तरीचा, डोळ्याला दोरीने बांधलेला चष्मा. आबांनी चाकू काढला. पुनाने समोरच्या फळीवर दोनदा थाप मारली, आबांनी तिथे ठेवला, पुनाने उचलला.

"खटका ढिल्ला व्हयेल शे का, तेवढं देखी द्या," आबा त्याच्याच बोलीत म्हणाले. गाडीवर सगळ्या बोली येतात.

पुनाने चाकू कानाशी नेऊन उघडला, मिटला, परत उघडला. "काही ढिल्ला नई शे, भाऊ. हाई आपोआप बंद व्हवाव नई. हात लागस."

"हात कोनी लावत नाही पुना भाऊ, हीच तं गंमत हाये."

पुना हसला नाही. त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि सांध्यात सुई घालून काहीतरी ओढून काढलं. एक धागा. जाड, सुती, तांबडा, धुवून धुवून विटलेला.

"माणूस अंगठावरी बंद करस," तो म्हणाला. "बाईना अंगठामा तेवढं जोर नई ऱ्हास. ती मांडीवर दाबीसन बंद करस. लुगडं अडकस मंग सांधामा. तुमना घरमा कोन नेसस असं लुगडं?"

धुरपदाबाई हिरवं नेसत. लताच्या सगळ्या साड्या नायलॉनच्या. आणि असलं जाडंभरडं तांबडं लुगडं आबांनी लहानपणी कधी बघितलं असेल तर असेल. हल्ली तसं सूतसुद्धा मिळत नव्हतं.

"कोनी नाही," आबा म्हणाले.

पुनाने चाकू मिटून फळीवर ठेवला आणि आबांकडे सरकवला. पैसे घेतले नाहीत. "मिटाव चाकू नका ठेवू, भाऊ," एवढंच म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. परतीच्या गाडीत आबा ड्रायव्हरच्या मागे बसून आले. खिशातला धागा त्यांनी पारोळ्याच्या अलीकडे खिडकीबाहेर सोडला, आणि तो उडून आत त्यांच्याच मांडीवर आला. वाऱ्याचं तसं होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

५

न मिटणारा म्हणजे पंजाब्याचा सुरा. एका अखंड पट्टीचा, पातं आणि मूठ एकच. मिटणार काय, कपाळ? आबांना जरा धीर आला. सुऱ्याचं चामडी म्यान त्यांनी ट्रंकेत टाकलं, ट्रंकेला कुलूप घातलं, किल्ली बंडीच्या खिशात ठेवली, आणि नागडं पातं उशीखाली सारलं.

दुपारनंतर सुरा उशीखालीच होता. म्यानात. म्यानाचं बटणही लावलेलं.

आबांनी खिशातली किल्ली चाचपली. ट्रंकेचं कुलूप लागलेलं होतं. उघडून बघितलं तर म्यानाची जागा रिकामी. इतके दिवस त्यांच्या डोक्याने त्यांना साथ दिली होती. तेल, खटका, उंदीर, झोपेत चालणारी लता, असं काही ना काही पुढे करत होतं. त्या दुपारी ते गप्प बसलं. 

उखर्डूने आता आईचं दूध जवळजवळ सोडलं होतं. लताने जवळ घेतलं की तो ताठ होई, मान मागे टाकून किंचाळे. तिच्या छातीत दूध दाटून गाठी आल्या, ताप भरला. ती वाटीत दूध पिळून टाकायची आणि रडायची. आबा तिला आणि बाळाला घेऊन जळगावच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी बाळ काट्यावर ठेवलं आणि खूश झाले.

"वा! तीन आठवड्यांत सातशे ग्रॅम. आईला दूध भरपूर दिसतंय."

लता हसली. मोठ्याने हसली, आणि थांबेना, तेव्हा आबांनी तिला हाताला धरून बाहेर आणलं. असोद्याच्या गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "मंग हा पेतो काय, आबा? कोनाचं पेतो?"

 आबांना तो अर्धा तास आठवत होता. शिवणयंत्राचं तेल, चिंधी, आणि आतून येणारी ती थप थप.

६

दुसऱ्या दिवशी त्यांनी मायलेकींना ओसरीवर बसवलं आणि स्वतः मधल्या खोलीत जाऊन आतून कडी घातली. उशीखाली ठेवायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. सुरा हातात घट्ट धरायचा, बाळाशेजारी बसायचं, आणि चार वाजेपर्यंत मूठ सोडायची नाही. हातात धरलेला सुरा कोण म्यानात घालतं, बघू.

वीज गेली होती. पंखा थांबल्यावर खोलीतला उकाडा खाली उतरला. दाराच्या फटीतून उजेडाची एक पट्टी जमिनीवर पडली होती, तेवढाच उजेड. बाहेर लूने कुणाचं तरी पत्र्याचं दार हळूहळू आदळत होतं. बाळ झोपलं होतं. आबांना घाम फुटला. मूठ निसटू नये म्हणून त्यांनी तळवा धोतराला पुसला आणि सुरा पुन्हा धरला. पत्र्याचं दार आदळायचं थांबलं. आबांनी मनात रस्ता म्हणायला घेतला: पाळधी, एरंडोल, पारोळा, अंमळनेर फाटा, मुकटी. झोप येऊ नये म्हणून घाटात ते असंच करत.

मुकटीपर्यंत आले आणि त्यांच्या समोर, गुडघ्यापासून हातभर अंतरावर, सारवलेल्या जमिनीवर कुणीतरी दोनदा थाप मारली.

थप थप.

आबांनी सुरा खाली ठेवला.

त्यांनी तो ठेवला हे त्यांना ठेवून झाल्यावर कळलं. जन्मभर जी खूण मानली ती हाताने मानली. डोक्याला विचारलंच नाही. सुरा अलगद उचलला गेल्याचा आवाज झाला. कापडावर लोखंड घासल्यासारखा. मग बाजूच्या अंथरुणावर बाळाने पाय झाडले, आणि चुक चुक असा, भुकेलं पोर घाईने पितं तसा आवाज सुरू झाला.

उजेडाच्या पट्टीत त्यांना एक मांडी दिसली. तांबडं जाड लुगडं, गुडघ्यावर ठिगळ लावलेलं, आणि ते ठिगळ फार नीट, बारीक टाक्यांनी लावलेलं. त्या मांडीवर बाळाचं डोकं. वर बघायला हवं होतं. आबा त्याचसाठी तर बसले होते. पण बाई लेकराला पाजत असली की पुरुषमाणूस मान खाली घालतो, आणि आबांची मान खाली गेली. भीतीने गेली असती तर त्यांनी पुढे स्वतःला माफ केलं असतं. ती शिरस्त्याने गेली.

ते उठले, पाठ न वळवता दारापर्यंत गेले, कडी काढली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

लता उभी राहिली. तिने त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"सुरा कुठी हाये, आबा?"

"आत हाये," आबा म्हणाले. त्यांना त्या क्षणी पोरीच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, पण ते नुसतेच खांबाला टेकून बसले.

७

मग जे करायचं ते सगळं करून झालं. भगत आला, दोरे झाले, डॉक्टर बदलला. लीलाधरराव येऊन बायको-मुलाला धरणगावला घेऊन गेले. जागा बदलली की पोरगं ठिकाणावर येईल, असं त्यांचं मत. उखर्डू तिथे दोन दिवस आणि दोन रात्री पाण्याचा थेंब न घेता रडला. बाटली नाही, आई नाही, शेजारची ओली बाळंतीण नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला, टाळू खोल गेली, तेव्हा लीलाधरराव स्वतःच टॅक्सी करून त्याला असोद्याला घेऊन आले. भर दुपार होती. लता त्याला घेऊन मधल्या खोलीत धावली, अंथरुणावर ठेवलं आणि तिथेच बसून राहिली. बाळ रडत राहिलं.

"बाहेर ये, बाई," आबा म्हणाले.

"नाई येत."

"तू हाये तोवर ते पेनार नाई. मरंल ते."

धुरपदाबाईंनी तिला धरून बाहेर आणलं. आबांनी उशीखाली हात घातला; कुणीतरी देवाचं नाव घेऊन अडकित्ता ठेवला होता, तो काढून घेतला. कोनाड्यातली कात्री काढली. खिडकीचा खिळासुद्धा उपटला. खोलीत काढता येईल असं लोखंड राहिलं नाही, तेव्हा त्यांनी दार ओढलं. रडणं थांबायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

ते रोज करायचं काम झालं. बारा वाजले की आबा खोली तपासायचे, बाळाला ठेवायचे, दार लावायचे. नोकरी त्यांनी सोडली. उखर्डू अंगाने भरला; शेजारणी म्हणत, लताबाईचं दूध अंगी लागलं. लताचं दूध आषाढात आटलं. तिने कुणाला सांगितलं नाही, फक्त छातीला बांधायची फडकी धुऊन, घडी करून ठेवून दिली. सासरहून पत्रं येत. कधी येते, मुलाला कधी आणते. काय लिहायचं? लीलाधरराव महिन्यातून एकदा येत, लेकाला मांडीवर घेत. बारा वाजले की लेक त्यांच्या मांडीवरून दाराकडे बघायला लागे. लीलाधरराव मग पान खायला म्हणून बाहेर जात आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत परत येत नसत.

एकदा धुरपदाबाईंनी नवऱ्याला गाठून विचारलं, "दात आल्यावर सोडंल का हो ती त्याले?"

"सोडंल," आबा म्हणाले.

"आन् चालाले लागल्यावर?"

आबा खोली तपासायला उठले.

भाद्रपदातली गोष्ट. पाऊस उघडला होता, ऊन परत तापलं होतं. लता नेहमीप्रमाणे मधल्या खोलीच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. आबा समोर खांबाशी. आतली थप थप थांबली होती. उखर्डू साडेतीन महिन्यांचा झाला होता. लता गेले आठ दिवस सकाळ-संध्याकाळ त्याच्यापुढे टाळ्या वाजवत होती, माना डोलवत होती, जीभ काढून दाखवत होती. या वयाला पोर पहिल्यांदा आवाज काढून हसतं. तो तिच्याकडे बघायचा, आणि नुसता बघायचा.

"पेतो का?" तिने विचारलं. रोज विचारायची.

"पेतो, बाई."

आणि तेव्हा बंद दाराआड पोर खदखदून हसलं. मोठ्याने, पोटातून, कुणी पोटाला तोंड लावून गुदगुल्या केल्यावर हसतं तसं. थांबलं, श्वास घेतला आणि परत हसलं.

लताचा हात कडीवर गेला. आबा अर्धवट उठले. पण तिने कडी उघडली नाही. हात काढून घेतला आणि वळून आबांकडे बघितलं. तिच्या तोंडावर हसू होतं, ते थांबवणं तिला जमत नव्हतं.

"हासला, आबा," ती म्हणाली. "पहिल्यांदा हासला."

मग तिने दाराच्या लाकडाला कान लावला, आणि तो पुन्हा कधी हसतो याची वाट बघत बसून राहिली.